जाण्यायेण्याचा खर्च

“पाचशे जरा जास्तच होतात. मग पैशाच्या मोहानं येतील बायका.”

हे म्हणणारे डॉक्टर मनानं अगदी चांगले आहेत. सगळी नोकरी सरकारी रुग्णालयात काढलेले, निवृत्तीनंतरही आठवड्यातून दोनदा धर्मादाय दवाखान्यात बसणारे. तेव्हा त्यांच्या वाक्याचा राग यावा असं काही नव्हतं आणि बैठकीत तो आलाही नाही. घरी येऊन दूध तापत ठेवलं आणि ते वाक्य पुन्हा कानात वाजलं. रात्री अंथरुणावर पडल्यावर वाजलं. दुसऱ्या दिवशी मेथी निवडताना तर मी त्यांच्याशी मनातल्या मनात भांडायलाही लागले होते, आणि भांडणात मीच जिंकत होते, जे बैठकीत सहसा होत नाही.

सांगायचं असं, की पुण्यातल्या एका संशोधन संस्थेच्या नैतिकता समितीवर मी ‘सामान्य व्यक्ती’ म्हणून बसते. माणसांवर होणाऱ्या वैद्यकीय संशोधनाला अशा समितीची मंजुरी लागते, आणि समितीत डॉक्टर, औषधशास्त्रज्ञ, वकील यांच्याबरोबर एक साधं, त्या क्षेत्राबाहेरचं माणूस असलंच पाहिजे, असा नियम आहे. माझा जन्म बँकेत गेला. व्हाउचर, सह्या, बेरजा. सामान्य असल्याचं लेखी नेमणूकपत्र मिळालेली आमच्या घरात मी पहिलीच, यावरून मुलगा अजून चिडवतो. समितीतलं बाहेर बोलायचं नाही अशा कागदावर सही केलेली आहे, म्हणून इथे आजार, गावं आणि रकमा थोड्या इकडच्या तिकडे केल्या आहेत.

प्रकरण साधं होतं. गरोदरपणात साखर वाढलेल्या बायकांना पुढे मधुमेह होतो का, हे काही वर्षं बघत राहायचं, असा अभ्यास. बायकांनी अधूनमधून पुण्याला यायचं, उपाशीपोटी रक्त द्यायचं, ग्लुकोजचं पाणी प्यायचं, पुन्हा रक्त द्यायचं. दर खेपेला त्यांना २०० रुपये मिळत. संशोधकांनी दुरुस्तीचा प्रस्ताव आणला होता, की एवढ्यात भागत नाही, गळती होते आहे, ५०० करू द्या. त्यावर जी चर्चा झाली तिच्यात चहा दोनदा आला. मोहाचा मुद्दा निघाला. हिशेब बघणाऱ्यांनी आठवण करून दिली, की मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, म्हणजे खर्च उलट कमी व्हायला हवा. कुणी म्हटलं, दुसऱ्या अभ्यासातल्या बायकाही मग वाढवून मागतील. घासाघीस होऊन आकडा साडेतीनशेवर आला आणि सगळ्यांना बरं वाटलं. त्याच अंदाजपत्रकात चार ओळी खाली परदेशातली परिषद, विमानप्रवास, नोंदणी शुल्क, निवास असं मिळून चार लाखांच्या आसपास होते. ती ओळ कुणी वाचून दाखवली नाही. मी वाचली ती सवयीनं, बेरीज जुळते का बघायला.

बेरीज जुळत होती.

समितीच्या सदस्यांनी मधून मधून केंद्रावर जाऊन काम कसं चाललंय ते बघायचं असतं. तशी मी एकदा गेले होते. सकाळची वेळ, भिंतीला लागून प्लास्टिकच्या खुर्च्या, प्रत्येकीच्या कोपराच्या घडीत कापसाचा बोळा आणि तो दाबून धरलेला हात. ग्लुकोजच्या पाण्याचे ग्लास हातात. पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाण्यात कालवून पाच मिनिटांत संपवायचं असतं. लिंबू पिळलं तरी ते घशाखाली उतरता उतरत नाही. एकीच्या मांडीवर दोन-अडीच वर्षांचा मुलगा होता. त्याला नर्सबाईंनी बिस्किटाचा पुडा दिला होता आणि तो एकेक बिस्किट आईच्या तोंडाशी नेत होता. ती मान वळवत होती. रात्री नऊपासून उपाशी, आणि अजून दोन तास काही खायचं नाही.

ही बाई घोडेगावच्याही वरच्या अंगाची. वाडीतून फाट्यापर्यंत दिराच्या मोटारसायकलवर, तिथून वडापची जीप, मग एसटीनं वाकडेवाडी आणि पुढे रिक्षा. सोबतीला सासू. सासूची पंचाहत्तरी उलटलेली, म्हणून तिला एसटी फुकट, “नाहीतर ह्यांना यावं लागलं असतं, त्यांचं फुल तिकीट आणि त्यांचाही रोज बुडाला असता.” तपासणी झाल्यावर टेबलाशी व्हाउचर भरताना समन्वयक मुलीनं तिकिटं मागितली. तिनं ब्लाउजमधून छोटं पाकीट काढलं, त्यातून एसटीचं तिकीट. मशीनमधून निघणारा तो गुळगुळीत कागद घामानं अर्धा पांढरा पडलेला. वडापचं? “वडापवाला कुठं तिकीट देतो, ताई?” समन्वयक मुलगी चांगली होती, तिनं ‘स्थानिक वाहन, पावती उपलब्ध नाही’ असं लिहून खाली सही घेतली. पण मला बँकेतले आमचे ऑडिटर आठवले आणि त्या ओळीसमोर ते काय शेरा मारतील तेही दिसलं.

मग आम्ही बसून बोललो. तिचा हिशेब तोंडपाठ होता. खुरपणीचा रोज गेला. रोजगार हमीवर राज्यात २०२५-२६ ला दिवसाला ३१२ रुपये मिळत, आणि हंगामात शेतावर त्याहून थोडे जास्त. म्हणजे संस्थेचे दोनशे बुडालेल्या रोजालाही पुरत नव्हते, प्रवास तर पुढचाच. शिवाय ते दोनशे हातात मिळत नव्हते. पारदर्शकतेसाठी रक्कम बँकेत जमा होते. खातं तिच्याच नावाचं, पण मेसेज जातो तो नवऱ्याच्या मोबाइलवर आणि शाखा तालुक्याला. खात्यात थेट पैसे जमा करण्याचं कौतुक मी स्वतः नोकरीत असताना कितीतरी ग्राहकांना ऐकवलेलं आहे. काउंटरच्या ह्या बाजूनं ते जसं दिसायचं, तसं त्या बाजूनं कसं दिसत असेल, ह्याचा विचार करायची गरज तेव्हा पडली नव्हती.

मी तिला सरळ विचारलं, “मग येता कशाला?”

ती हसली. म्हणाली, “साखर बघत्यात ना नीट. आन् इथल्या मॅडम बसवून बोलतात. आमच्याकडं दवाखान्यात उभ्या उभ्याच घालवतात.”

मोहाबद्दल बोलायचंच तर तो हा होता. खुर्ची, आणि कुणीतरी नाव घेऊन चौकशी करणं. ते आम्ही प्रत्येक प्रस्तावात बिनदिक्कत मंजूर करतो, त्यावर कधी चर्चा होत नाही, होऊही नये. पण माणूस संशोधनात का येतो ह्याचं उत्तर आम्ही नेहमी पैशाच्याच ओळीत शोधतो, कारण आकडा तेवढ्याच ओळीसमोर असतो.

तरी डॉक्टरांची भीती हवेतून आलेली नाही, हेही मला माहीत आहे. २००९ साली आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत एचपीव्ही लशीचा, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धच्या लशीचा, प्रकल्प झाला. गरीब, आदिवासी मुली. वसतिगृहातल्या मुलींच्या संमतीपत्रांवर वॉर्डननं सह्या केलेल्या. २०१० मध्ये प्रकल्प थांबवावा लागला, २०१३ मध्ये संसदीय समितीनं कडक अहवाल दिला. त्याच सुमारास औषध-चाचण्यांच्या कारभाराविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयात गाजत होती. दुसऱ्या टोकाला, निरोगी माणसांवर औषधं तपासणाऱ्या केंद्रांतून पैशासाठी एका चाचणीतून दुसऱ्या चाचणीत जाणारे तरुण आहेत, आणि दोन चाचण्यांमध्ये ठेवायचे विश्रांतीचे दिवस न पाळता ते लपवणारेही आहेत. ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांचा हात पैसे मंजूर करताना आखडणारच. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं म्हणूनच तोलून लिहिलेली आहेत: प्रवास, बुडालेली मजुरी, झालेली गैरसोय यांची भरपाई द्यावी, पण ती एवढी नसावी की माणूस धोका न बघता होकार देईल, आणि किती द्यायचे ते समितीनं ठरवावं. २०१९ च्या नियमांप्रमाणे औषध-चाचणीत पैसे देणार असाल तर ते कसे, किती टप्प्यांत, हे संमतीपत्रातच लिहावं लागतं, म्हणजे मधेच सोडून गेलेल्याला केलेल्या भेटींचे मिळतात.

कागदावर सगळं ठीकच आहे. अडतं ते ‘एवढी’ कुणाच्या मापानं मोजायची इथे. नवीन औषध अंगावर घेणारा माणूस आणि वर्षाकाठी दोन नळ्या रक्त देणारी बाई यांना धोक्याची एकच फूटपट्टी लावली, की जिच्या बाबतीत धोका जवळजवळ नाहीच तिच्याही हातात पडणाऱ्या शंभराच्या नोटेकडे आपण संशयानं बघायला लागतो. आणि मलाही बैठकीचं मानधन मिळतं. पाकिटात, वर गाडीभाडं. त्या पाकिटाच्या मोहानं मी प्रस्ताव मंजूर करीन अशी शंका आजवर कुणी घेतलेली नाही. सामान्य असले तरी मी तेवढी सामान्य नाही, असं काहीतरी गणित असावं.

हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेनं सोडवलेलं उदाहरण आमच्या पुण्यातच आहे. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. क्षेत्रकार्यकर्त्या महिन्याच्या महिन्याला घरोघर जाऊन पाळीच्या तारखा विचारत, म्हणजे दिवस राहिले की लगेच कळावं. पुढे ती बाळं मोठी झाली, शाळेत गेली, आणि त्यांच्याही उपाशीपोटी तपासण्या करायच्या झाल्या. तेव्हा मुलांना आईवडिलांसकट आदल्या संध्याकाळीच पुण्यात आणत, ठरलेलं जेवण देत, रात्री तिथेच मुक्काम आणि सकाळी रक्त. शास्त्रासाठी ते सोयीचं होतंच, सगळ्यांचा उपास सारखा झाला पाहिजे. पण पहाटे चारला उठून रिकाम्या पोटी वडाप धरण्याचा प्रश्नही त्यात आपोआप मिटला. आता ती मुलं तिशीत आहेत आणि त्यांची मुलं अभ्यासात आहेत. इतकी वर्षं लोक टिकले ते नुसत्या भत्त्यावर टिकले असतील असं मला वाटत नाही, पण जेवण, गाडी, मुक्काम यांचे पैसे कुणीतरी अंदाजपत्रकात धरले होते आणि कुठल्या तरी वेलकम ट्रस्टसारख्या देणगीदारानं ते कापले नव्हते, हेही तितकंच खरं.

आणि त्याच अभ्यासाकडे बघून मला चार लाखांच्या त्या ओळीबद्दल तोंड सांभाळून बोलावं लागतं. पुण्याच्या ह्या कामात इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनचे संशोधक बरोबरीनं होते. तिकडची बाळं सरासरी साडेतीन किलोची, आपल्या खेड्यातली दोन किलो सातशेची. वजनाचा हा फरक कुणालाही दिसला असता. पण आपल्या किरकोळ बाळाच्या अंगावर स्नायू कमी असले तरी पाठीवर खांद्याखाली चिमटीत येणारी चरबी मात्र फारशी कमी नाही, म्हणजे रोड दिसणारं मूल आतून चरबी जपून आहे, हे कळायला दोन्हीकडची मापं एकाच पद्धतीनं घेतलेली हवीत. त्यासाठी माणसांनी एकमेकांकडे जावं लागतं, एकमेकांच्या वॉर्डात उभं राहावं लागतं. विमानाची तिकिटं वाचवली असती तर मधुमेहाकडे बघायची एक अख्खी नजर आपल्याला मिळाली नसती. तेव्हा संशोधक परदेशी जातात म्हणून नाक मुरडणाऱ्यांत मी नाही.

त्यातून सगळेच संशोधक काही ऐटीत जात नाहीत. आमच्याच संस्थेतल्या एका मुलीचा शोधनिबंध युरोपातल्या परिषदेत स्वीकारला गेला. फेलोशिप महिन्याला ३७ हजारांची, त्यातून खोलीचं भाडं. प्रवास-अनुदान मंजूर होतं, पण ते परत आल्यावर, बोर्डिंग पास जोडून मिळणार. सरकारी पैशाचं तिकीट म्हणजे ठरवून दिलेल्या तीन कंपन्यांपैकी एकीकडूनच काढायचं, ते बाहेर स्वस्त असलं तरी. नोंदणी शुल्क आधी, हॉटेल आधी, शेंगेन व्हिसाचे ९० युरो आधी, आणि व्हिसा नाकारला तर ते गेलेच. वडिलांची एफडी मोडायची का, ह्यावर घरात दोन दिवस खल झाला. शेवटी एका वरिष्ठ डॉक्टर बाईंनी आपलं क्रेडिट कार्ड दिलं. व्हिसाच्या मुलाखतीला तिनं तीन वर्षांची बँक विवरणपत्रं नेली होती, आणि बँकेत शिल्लक किती ह्यावरून ती परत येईल का हे तिकडचा माणूस जोखत होता. ती मला म्हणाली, “काकू, संमतीपत्र भरून घेताना मी बायकांना एवढे प्रश्न कधी विचारत नाही हो.” व्हिसा आला. ज्यांनी तिच्या अभ्यासाचे निम्म्याहून अधिक फॉर्म बायकांकडून भरून आणले त्या क्षेत्रकार्यकर्त्या ताईंचं नाव शोधनिबंधाच्या शेवटी आभारात होतं. परिषदेला त्यांनी जावं ही कल्पना कुणाच्या डोक्यात यायचं कारणच नव्हतं.

ज्यांच्यावर संशोधन होतं त्यांनीही परिषदेच्या खोलीत असलं पाहिजे, हा हट्ट पहिल्यांदा जोरात धरला तो एड्सच्या रुग्णांनी. १९८३ साली अमेरिकेत डेन्व्हरला भरलेल्या बैठकीत त्यांनी लिहूनच दिलं, की आमच्याविषयीच्या निर्णयात आम्हाला घ्या. पुढे अमेरिकेनं एचआयव्ही असलेल्यांना देशात यायलाच बंदी घातली, तेव्हा १९९२ ची जागतिक एड्स परिषद बॉस्टनहून उचलून ॲमस्टरडॅमला नेली गेली. ही बंदी २०१० मध्ये उठली आणि मगच, २०१२ ला, परिषद वॉशिंग्टनमध्ये भरली. एका आजाराच्या रुग्णांनी संशोधकांच्या प्रवासाचा रस्ता वीस वर्षं वळवला, ही गोष्ट मला फार आवडते. पण तिचा पुढचा भाग असा, की २०२२ ला मॉन्ट्रियलच्या परिषदेला आफ्रिका-आशियातल्या कितीतरी प्रतिनिधींना कॅनडाचा व्हिसाच मिळाला नाही. ज्यांचा खर्च उचलायला आयोजक तयार होते तेही त्यात होते. पैसे मंजूर झाले म्हणजे माणूस पोचतोच असं नाही.

त्या चळवळीचं एक फळ आपल्याकडेही आलं. भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत आंतरराष्ट्रीय चाचण्या झाल्या, त्यांच्यासोबत स्थानिक लोकांचं सल्लागार मंडळ ठेवणं हा रिवाज आला. संमतीपत्रातलं कुठलं वाक्य कुणाला कळणार नाही, तपासणीची वेळ कोणाला परवडणार नाही, हे सांगायला रस्त्यावरची माणसं. ब्रिटननं तर ह्याची घडी बसवून टाकली. तिथे १९९६ पासून सामान्य लोकांना संशोधनात सहभागी करून घ्यायची सरकारी व्यवस्था आहे. प्रश्न कोणता घ्यायचा, प्रश्नावली कशी असावी, निष्कर्ष कुठे सांगायचे, यात रुग्ण बसतात आणि त्यांच्या वेळेचे तासाला २५ पौंड असा दर सर्रास धरला जातो. प्रस्ताव लिहायच्या आधी चार रुग्णांना बोलावून विचारायचं असेल तर त्यासाठीही छोटी रक्कम मिळू शकते. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. कारण आपल्याकडे पैसे मंजूर होतात तोवर प्रश्न ठरलेला असतो, भेटींच्या तारखा ठरलेल्या असतात, आणि बायकांना पहाटे चारला निघावं लागेल हे कळतं ते पहिली बाई ग्लुकोज पिऊन ओकल्यावर. आधी विचारायला जायचं तर गाडीचं पेट्रोल कुठल्या खात्यातून, कारण खातं अजून उघडलेलंच नसतं. अर्थात तिकडेही सगळं सुरळीत नाही. सरकारी भत्त्यावर जगणाऱ्या आजारी माणसानं हे २५ पौंड घेतले तर त्याचा भत्ता अडकू शकतो, म्हणून त्यासाठी वेगळी सल्लासेवा ठेवावी लागली आहे. गरिबाच्या हातात पैसे देताना दुसरा कुठला तरी नियम मधे येतोच, देश कुठलाही असो.

आणि खरं सांगू का, लोकांना नुसतं खोलीत आणून बसवण्यावरही माझा पुरता विश्वास नाही. एका बैठकीला रुग्णांचे प्रतिनिधी म्हणून दोघांना बोलावलं होतं. एसी हॉल, कॉलर माइक, स्लाइड इंग्रजीत. एक मावशी पदर गुंडाळून बसल्या होत्या, बहुधा थंडीनं. शेवटी “तुम्हाला काही सांगायचंय का?” असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, “सगळं चांगलं चाललंय.” इतिवृत्तात ‘समुदायाचा सकारात्मक प्रतिसाद’ अशी नोंद झाली. जेवणाच्या सुट्टीत मात्र हात धुताना त्यांनी मला सांगितलं, की गोळ्या देणारी मुलगी घरी येते तेव्हा गाडीवर संस्थेचं नाव असतं आणि आळीत सगळे विचारतात, तुला काय झालंय. स्टिकर काढा म्हणावं. हे हॉलमध्ये आलं नाही, बेसिनपाशी आलं.

कधी कधी वाटतं, प्रवासाची दिशाच उलटी करावी. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीत १९८६ साली ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. त्यांचा १९८९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला अभ्यास वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या बायकांचा. दवाखान्यात आलेल्या बायका त्यांनी मोजल्या नाहीत, गावात जाऊन गावातल्या बायका तपासल्या. शंभरातल्या ब्याण्णव जणींना कुठला ना कुठला स्त्रीरोग निघाला, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त आठ. ह्या ब्याण्णव जणींना तिकिटाचे पैसे देऊन शहरात बोलावलं असतं तर किती आल्या असत्या? लाजेचा आजार घेऊन एसटीत कोण बसतं. तिथे प्रवास डॉक्टरांनी केला, म्हणून आकडा खरा निघाला. अर्थात ग्लुकोजच्या तपासणीला शीतपेटी लागते, सेंट्रिफ्यूज लागतं, वीज लागते. प्रत्येक वाडीवर प्रयोगशाळा नेता येत नाही, हे मला आमच्या संशोधकांनी दोनदा समजावलंय. मी तिसऱ्यांदा विचारणार आहे.

साडेतीनशेचं म्हणाल तर ते मंजूर होऊन लागूही झाले. मी एवढंच करून घेतलं, की वडापला पावती नसली तरी ठरावीक रक्कम धरायची आणि सोबत आलेल्या माणसाचाही खर्च द्यायचा, मग तो पुरुष असो की पंचाहत्तरीची सासू. डॉक्टरांनी विरोध केला नाही. बाहेर लिफ्टपाशी ते म्हणाले, “तुम्ही बँकवाल्या, तुम्हाला पैसे देताना भीती वाटत नाही, आम्हाला वाटते.” मी म्हटलं, “आम्हाला उलटं शिकवलंय सर, ज्याचे आहेत त्याला वेळेवर द्या.” ते हसले, पण पटलं असं चेहऱ्यावर दिसलं नाही. पुढच्या प्रस्तावाला ते पुन्हा तोच मुद्दा काढतील, आणि काढावाच, कारण खम्ममसारखं प्रकरण समोर आलं तर तो काढणारं कुणीतरी बसलेलं हवं.

हल्ली प्रत्येक प्रस्तावावर मी शेऱ्याच्या रकान्यात एक प्रश्न लिहिते: ज्यांचं रक्त घेतलं त्यांना निष्कर्ष कोण, कुठे आणि कुठल्या पैशांतून सांगणार? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं येतं, ‘निष्कर्ष नामांकित नियतकालिकांत प्रसिद्ध केले जातील.’ परिषदेहून आलेल्या त्या मुलीनं मात्र परवा वेगळा कागद आणला. तालुक्याला एक दिवस, अभ्यासातल्या सगळ्या बायका, मराठीत अहवाल, प्रत्येकीला तिच्या स्वतःच्या साखरेचे आकडे पाकिटात. खर्च: दोन टेम्पो ट्रॅव्हलर, मंगल कार्यालयाचं भाडं, माइक, चहा-नाश्ता. देणगीदाराच्या खर्चाच्या शीर्षांत मंगल कार्यालय बसेना, ते ‘कार्यशाळा’ म्हणून बसवलं. चहा ‘इतर’मध्ये गेला. नाश्त्यावर हिशेब खात्यानं लाल पेन चालवलं होतं. त्यांना मी आठवण दिली, की ह्यांतल्या निम्म्या जणींना साखरेचा त्रास आहे आणि टेम्पो पहाटे निघणार आहे. तो रकाना सध्या ‘पुनर्विचाराधीन’ आहे. तारीखही अजून ठरलेली नाही, गावांतल्या आशा-सेविकांनी कळवलंय की भाताची कापणी उरकल्याशिवाय कुणी यायचं नाही.